हिशेब डेटाबेसात की बाहेर? स्वरचित फंक्शन्सच्या प्रश्नाचा आढावा

तलासरी तालुक्यात उधव्याला किंवा डहाणूत सायवनला अंगणवाडी सेविका मुलाचे वजन घेते, तेव्हा तिच्या हाती मोजक्या नोंदी येतात: जन्मतारीख, मोजणीची तारीख, मुलगा की मुलगी, वजन, उंची आणि ती उंची उभे करून घेतली की आडवे निजवून. मूल कुपोषित आहे का, हे यातली कुठलीच नोंद सांगत नाही. ते हिशेबातून निघते. मूल ग्राम बाल विकास केंद्रात घ्यायचे, पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवायचे की पुढच्या महिन्यात पुन्हा काट्यावर ठेवायचे, हे त्या हिशेबाच्या आधारे ठरते.

हा हिशेब सेविकेच्या मोबाइलमध्ये व्हावा, मधल्या सर्व्हरवर व्हावा, की नोंदी साठतात त्या डेटाबेसातच व्हावा? बेरीज, सरासरी, आकडा पूर्णांकात आणणे यांसाठीची फंक्शन्स डेटाबेसबरोबर तयार मिळतात. ‘या वयाच्या मुलाच्या मानाने हे वजन किती कमी’ हे सांगणारे फंक्शन तयार मिळत नाही. ते आपण लिहायचे आणि डेटाबेसात नोंदवायचे. मग ते क्वेरीत बेरीज-सरासरीसारखेच वापरता येते. जाणकार त्याला यूडीएफ म्हणतात. इथे स्वरचित फंक्शन म्हणू. अशी फंक्शन्स वापरावीत का, किती वापरावीत, यावर रिलेशनल डेटाबेसच्या जगात गेली तीसेक वर्षे मतभेद आहेत. त्यांची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे. उदाहरण डहाणू-तलासरीचे घेतले आहे, कारण नियमात किंचित फरक पडला तर कोणाचे काय बदलते, ते इथे स्पष्ट दिसते.

पार्श्वभूमी

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेल मांडले. त्यातून पुढे एसक्यूएल ही भाषा आली आणि कामाची विभागणी झाली: काय हवे ते माणसाने सांगायचे, ते कुठून आणि कोणत्या क्रमाने काढायचे ते डेटाबेसच्या ऑप्टिमायझरने ठरवायचे. क्वेरीतली प्रत्येक पायरी ऑप्टिमायझरला कळत असेल तरच ही विभागणी नीट चालते. स्वरचित फंक्शन आले की त्याच्या आत काय चालले आहे ते ऑप्टिमायझरला दिसेनासे होते. वादाचे मूळ इथे आहे.

तरीही फंक्शन्स लागलीच. बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प हाती घेतला, त्यामागे हीच निकड होती. बिले आणि खातेवह्या यांच्यापलीकडची माहिती डेटाबेसात यायची तर नवे डेटाप्रकार आणि त्यांच्यावर काम करणारी फंक्शन्स वापरणाऱ्याला स्वतः जोडता आली पाहिजेत, असे त्यांचे म्हणणे होते. या वाटेचे सर्वांत यशस्वी फळ म्हणजे २००१ मध्ये आलेले पोस्टजीआयएस. जीपीएसने मोजलेल्या प्लॉटचे क्षेत्रफळ किती, तो शेजारच्या प्लॉटवर चढतो का, हे ते थेट क्वेरीत सांगते. २००६च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ज्या तालुक्यांत घरोघरी आहेत, तिथे या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

व्यापारी डेटाबेसांनी दुसरी वाट धरली. ओरॅकल ७ मध्ये, १९९२ साली, पीएल-एसक्यूएल या ओरॅकलच्या स्वतःच्या भाषेतले प्रोग्रॅम डेटाबेसातच साठवता येऊ लागले. एसक्यूएलच्या प्रमाणाला १९९६ मध्ये अशा प्रोग्रॅमांसाठी स्वतंत्र भाग जोडला गेला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये स्वरचित फंक्शन्स २००० साली आली, मायएसक्यूएलमध्ये साठवलेली फंक्शन्स २००५ च्या पाचव्या आवृत्तीत. प्रमाण ठरायच्या आत मोठ्या व्यापारी डेटाबेसांच्या बोली वेगळ्या झालेल्या होत्या, आणि त्या वेगळ्याच राहिल्या.

आठ किलो सहाशे ग्रॅम

वादात शिरण्यापूर्वी एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला, तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या काळी अंगणवाडीत भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या श्रेणी चालत. प्रमाण वजनाच्या ७१ ते ८० टक्के असेल तर पहिली श्रेणी, ६१ ते ७० टक्के दुसरी, अशा एकूण चार. हा भागाकार कागदावर होतो. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २००६ मध्ये वाढीची नवी प्रमाणे प्रसिद्ध केली, आपल्या देशाने ती २००८ मध्ये अंगणवाड्यांसाठी स्वीकारली, आणि टक्क्यांच्या जागी झेड-स्कोर आला.

झेड-स्कोरसाठी प्रत्येक वयाला, मुलगा-मुलगी स्वतंत्र, तीन आकडे दिलेले असतात. त्यांना एल, एम आणि एस म्हणतात. एम म्हणजे मधले वजन, एस म्हणजे मुलांमुलांतला फरक किती पसरट आहे ते, एल म्हणजे तो पसारा एका बाजूला किती कललेला आहे ते. मुलाच्या वजनाला एमने भागायचे, आलेल्या आकड्याचा एलवा घात काढायचा, त्यातून १ वजा करायचा आणि एल व एस यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर उणे २ च्या खाली गेले की कमी वजन, उणे ३ च्या खाली गेले की तीव्र कमी वजन.

बरोबर २४ महिन्यांचा मुलगा घ्या. त्याच्यासाठी एल उणे ०.०१३७, एम १२.१५१५ आणि एस ०.११४२६. काटा दाखवतो ८.६ किलो. सूत्राचे उत्तर येते उणे ३.०३. मूल तीव्र कमी वजनाचे.

आता हाच मुलगा छापील सोप्या तक्त्यावर पाहू. दोन वर्षांच्या मुलग्यापुढे उणे ३ च्या रकान्यात ८.६ किलो लिहिलेले आहे. नियम म्हणतो, त्यापेक्षा कमी असेल तर तीव्र. ८.६ हे ८.६ पेक्षा कमी नाही. मूल मध्यम गटात गेले.

दोन्ही उत्तरे एकाच प्रमाणातून आलेली आहेत. खरी रेषा ८.६३ किलोच्या आसपास आहे; तक्ता छापताना दशांशाचे एकच स्थळ ठेवले, म्हणून ती ८.६ दिसते. एका प्रोग्रॅमरने सूत्र वापरले आणि दुसऱ्याने तक्ता भरून घेतला, तर दोघेही आपापल्या जागी बरोबर. पण दोन याद्यांत एकाच मुलाची दोन गटांत नोंद होईल आणि कोणाची चूक ते कोणालाच सापडणार नाही.

असे खाचखळगे आणखी आहेत. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी आडवे निजवून घ्यायची असते; ती उभे करून घेतली असेल तर ०.७ सेंटिमीटर मिळवायचे, आणि दोन वर्षांवरच्या मुलाला निजवून मोजले असेल तर तेवढेच वजा करायचे. वय पूर्ण महिन्यांत धरायचे की दिवसांत? एल शून्य आला तर सूत्रात शून्याने भागायची पाळी येते, तिथे लॉगॅरिथम वापरायचा. वजनावर आधारलेला स्कोर उणे ३ च्या खाली गेला की मूळ सूत्र थांबवून सरळ रेषेने पुढचा आकडा काढायचा, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. नियम पाच ओळींचा दिसतो खरा, पण त्यात किमान अर्धा डझन निर्णय दडलेले आहेत. ते निर्णय कुठे नोंदवून ठेवायचे, हाच आपला प्रश्न आहे.

डेटाबेसातच ठेवा म्हणणारे

यांचा पहिला मुद्दा सरळ आहे: नियम एकदाच लिहावा. बालविकास प्रकल्प अधिकाऱ्याचा मासिक अहवाल, पालघर जिल्हा परिषदेचा तक्ता, डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची यादी हे सगळे एकाच फंक्शनला विचारत असतील, तर वर पाहिलेली फारकत होणारच नाही. कोणी नवा अहवाल लिहायला घेतला तरी त्याला सूत्र माहीत असण्याची गरज नाही. वय, लिंग आणि वजन दिले की काम झाले.

दुसरा मुद्दा माहितीच्या वाहतुकीचा. तीव्र कमी वजनाची मुले किती, एवढेच हवे असताना सगळ्या मुलांच्या नोंदी सर्व्हरवर ओढून आणायच्या, तिथे हिशेब करायचा आणि बाकीच्या टाकून द्यायच्या, हे उलटे काम आहे. तिसरा मुद्दा गोपनीयतेचा, आणि माझ्या मते तो पुरेसा चर्चेत येत नाही. फंक्शनला मूळ टेबल वाचायची परवानगी द्यायची आणि अहवाल पाहणाऱ्याला फक्त फंक्शन चालवायची, अशी सोय पोस्टग्रेसमधूनच पुढे आलेल्या पोस्टग्रेस-एसक्यूएलसह बहुतेक मोठ्या डेटाबेसांत आहे. गावनिहाय आकडा मिळतो, मुलाचे नाव उघडे पडत नाही. ही सोय निष्काळजीपणे वापरली तर तिच्यातूनच भगदाड पडते, कारण असे फंक्शन आपल्या मालकाच्या अधिकाराने चालते. तरी २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर या मुद्द्याचे वजन वाढले आहे.

बाहेर ठेवा म्हणणारे

विरोधकांची पहिली तक्रार वेगाची, आणि ती खरी होती. एसक्यूएल सर्व्हरमध्ये बरीच वर्षे स्वरचित फंक्शन दर ओळीला एकदा, वेगळे असे चालवले जाई. त्याला किती खर्च येईल याचा अंदाज ऑप्टिमायझर जवळजवळ घेतच नसे, आणि क्वेरीत असे एक फंक्शन आले की काम अनेक प्रोसेसरांवर वाटून देणेही बंद होई. ‘क्वेरीत फंक्शन घालू नका’ हा सल्ला त्या अनुभवातून आला आणि तोंडोतोंडी इतका पसरला की कारण मागे पडले, सल्ला तेवढा उरला.

बाकीच्या तक्रारी वेगाशी संबंधित नाहीत. अॅपचा कोड गिटमध्ये असतो, त्याला चाचण्या असतात, कोणी कधी काय बदलले ते दिसते. डेटाबेसातले फंक्शन एखाद्याने संध्याकाळी थेट सर्व्हरवर बदलले तर मागमूस राहत नाही. पोस्टग्रेस-एसक्यूएलसाठी पीजीटॅपसारखी चाचणीची साधने आहेत, पण ती वापरण्याची सवय कमी आहे. माणसांचाही प्रश्न आहे: जावास्क्रिप्ट किंवा पायथन येणारा मुलगा पालघर-बोईसरला मिळेल, पीएल-एसक्यूएल वाचणारा शोधावा लागतो.

आणि मग स्थलांतर. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण जाहीर केले. ओरॅकल किंवा एसक्यूएल सर्व्हरवरून पोस्टग्रेस-एसक्यूएलवर जाताना टेबले आणि नोंदी तुलनेने सुखरूप जातात. अडते ते फंक्शन्सपाशी, कारण प्रत्येक बोलीतले तारखांचे, रिकाम्या नोंदींचे आणि चुका हाताळण्याचे नियम वेगळे. ओरॅकल रिकामी अक्षरमाला आणि ‘नोंदच नाही’ यांत भेद करत नाही; पोस्टग्रेस-एसक्यूएल करते. उंचीचा रकाना मोकळा राहिलेले मूल एका ठिकाणी यादीतून गळेल, दुसऱ्या ठिकाणी क्वेरीच अडेल.

पवईतून निघालेली वाट

वेगाच्या वादाला कलाटणी देणाऱ्या संशोधनाचा एक महत्त्वाचा धागा पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. तिथले प्राध्यापक एस. सुदर्शन हे डेटाबेसच्या जगभर चालणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक. त्यांनी रवींद्र गुरवण्णवर यांच्यासोबत २००८ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. एकेका ओळीसाठी चालणारी प्रोसिजर अशी फिरवून लिहायची की ती एकदम सगळा गठ्ठा घेईल, असा त्याचा विषय होता. २०१४ मध्ये याच गटाने थेट स्वरचित फंक्शन्सना हात घातला: फंक्शनचा मजकूर उलगडून मूळ क्वेरीत मिसळता येईल का?

त्या गटात संशोधन केलेले कार्तिक रामचंद्र पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. तिथे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी फ्रॉइड नावाची पद्धत विकसित केली. तिच्यावरचा निबंध २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि २०१९च्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती दाखल झाली. कल्पना अशी: फंक्शनमधले ‘वय २४ महिन्यांपेक्षा कमी असेल आणि उभे करून मोजले असेल तर ०.७ मिळव’ हे वाक्य एसक्यूएलमधल्या केस या रचनेत बदलता येते. ‘या वयाचा एल शोध’ हे वाक्य एका छोट्या उपक्वेरीत. वाक्यामागून वाक्य असे बदलत गेले की फंक्शन उरतच नाही, उरते एक सलग क्वेरी. ती ऑप्टिमायझरला पूर्ण दिसते. मग तो दर मुलामागे एलएमएसच्या टेबलात डोकावण्याऐवजी दोन टेबलांचा एकच जोड लावतो. लिहिणाऱ्याला एक अक्षर बदलावे लागत नाही.

याच वाटेने २०२० मध्ये एकेक ओळ घेऊन चालणारी कर्सरची आवर्तने एकत्रीकरणाच्या फंक्शनांत बदलणारी अॅगिफाय ही पद्धत आली. त्याच वर्षी जर्मनीत ट्युबिंगेन विद्यापीठाच्या गटाने पीएल-एसक्यूएलचे अख्खे फंक्शन, आवर्तनांसह, रिकर्सिव्ह क्वेरीत उतरवून दाखवले.

पण हे उलगडणे सगळीकडे चालत नाही. एसक्यूएल सर्व्हरमध्ये फंक्शनात व्हाइल आवर्तन असेल किंवा आजची वेळ विचारलेली असेल, तर ते उलगडले जात नाही. २०१९ नंतरच्या सुधारणांमध्ये अपवादांची यादी वाढत गेली. पोस्टग्रेस-एसक्यूएल साध्या एसक्यूएलमध्ये लिहिलेले छोटे फंक्शन उलगडते, पीएल-पीजीएसक्यूएल या त्याच्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतले नाही. म्हणजे फंक्शन कसे लिहिले यावर त्याचा वेग ठरतो, आणि ते लिहिणाऱ्याला ठाऊक असायला हवे.

पोस्टग्रेस-एसक्यूएलचा करारनामा

पोस्टग्रेस-एसक्यूएलने अडचणीला वेगळे उत्तर दिले: फंक्शन कसे वागते ते लिहिणाऱ्यानेच जाहीर करावे. तेच इनपुट दिले की कायम तेच उत्तर असेल तर इम्यूटेबल, एका क्वेरीपुरते उत्तर स्थिर असेल तर स्टेबल, एरवी व्होलाटाइल. काहीच सांगितले नाही तर शेवटचे धरले जाते. २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून फंक्शन समांतर चालवणे सुरक्षित आहे का, हेही सांगता येते. न सांगितल्यास ‘नाही’.

हा करार विश्वासावर चालतो. झेड-स्कोरचे फंक्शन एल, एम, एस टेबलातून वाचत असेल तर ते फार तर स्टेबल. इंडेक्स बांधता यावा म्हणून कोणी ते इम्यूटेबल जाहीर केले तर पोस्टग्रेस-एसक्यूएल अडवणार नाही. टेबलात दुरुस्ती झाल्यावर इंडेक्स जुनी उत्तरे देत राहील, तीही निमूटपणे. आणखी एक सापळा वयाचा. फंक्शनने वय आजच्या तारखेवरून काढले, तर मार्चमध्ये केलेल्या वजनाचा अहवाल जूनमध्ये उघडताच ते मूल तीन महिन्यांनी मोठे धरले जाईल आणि जास्त कुपोषित दिसेल. जन्मतारखेसोबत मोजणीची तारीख फंक्शनला हातात दिली की ही अडचण सुटते: उत्तर बरोबर येते आणि स्थिर राहते. स्वरचित फंक्शन लिहिणाऱ्याला एकच सूचना करायची झाली तर मी हीच करीन: जे लागते ते सगळे बाहेरून मागून घ्यावे.

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांपुरता विचार केला तर वेगाचा वाद माझ्या मते गैरलागू आहे. एवढ्या मुलांच्या नोंदी साध्या सर्व्हरवर, साध्या फंक्शनानेही काही क्षणांत मोजून होतात. एक लाखाहून अधिक अंगणवाड्यांच्या अख्ख्या राज्याचा, वर्षानुवर्षांचा हिशेब एकदम काढायचा झाला की तो वाद खरा ठरतो. लहान प्रमाणावर काम करणाऱ्याने मोठ्यांचा सल्ला तसाच उचलला, तर वेगाच्या भीतीने नियम पाच ठिकाणी विखुरला जातो.

न सुटलेले प्रश्न

सर्वांत अवघड प्रश्न रेंजचा आहे. पाड्यावर नेटवर्क नसेल तर उत्तर फोननेच दिले पाहिजे. मूल समोर आहे, आई थांबलेली आहे. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे अॅप सेविकांच्या हातात आहे, आणि मोबाइलवरच मूल कोणत्या गटात ते कळावे ही अपेक्षा रास्तच आहे. अँड्रॉइड फोनमध्ये एसक्यूलाइट हा छोटेखानी डेटाबेस असतो, आणि त्यात फंक्शन लिहून साठवायची सोय नाही. ते अॅपच्या भाषेत लिहून एसक्यूलाइटला जोडावे लागते. म्हणजे अशा व्यवस्थेत नियम किमान दोनदा लिहिला जाणार, एकदा फोनमध्ये, एकदा सर्व्हरवर. ‘एकच जागा’ म्हणणाऱ्या दोन्ही बाजू इथे निरुत्तर होतात. यावर सुचवले जाणारे उपाय दोन: सूत्र दोन्हीकडे असले तरी एलएमएसचे टेबल एकच ठेवून तेच फोनवर पाठवायचे; आणि उत्तरे आधीच माहीत असलेल्या मुलांची एक यादी करून दोन्ही प्रोग्रॅमांना ती सोडवायला लावायची. ८.६ किलोचा २४ महिन्यांचा मुलगा त्या यादीत असायला हवा.

दुसरा प्रश्न काळाचा. नियम बदलतात, २००८ मध्ये बदलले तसे पुढेही बदलतील. फंक्शन बदलले की जुन्या नोंदींची उत्तरेही बदलतात. एक मत म्हणते उत्तर साठवूच नये, दर वेळी काढावे. दुसरे म्हणते, त्या दिवशी सेविकेला काय उत्तर मिळाले आणि त्यावरून तिने काय केले, हा इतिहास आहे. ते उत्तर नियमाच्या आवृत्तीसह जपून ठेवावे. मला दुसरे मत पटते, कारण उपचार त्या दिवशीच्या उत्तरावर झालेले असतात. मात्र मग एका मुलापुढे दोन आकडे दिसू लागतात, आणि मासिक अहवालात कोणता धरायचा यावर एकवाक्यता नाही.

तिसरा प्रश्न नावांचा, आणि तो या सीमाभागाचा खास आहे. दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात; कोणी भिवंडी-वसईकडे, कोणी सीमा ओलांडून उंबरगाव-वापीला. तिकडच्या अंगणवाडीत मुलाचे नाव गुजरातीत लिहिले जाते, इकडे देवनागरीत. ‘धोडी’ आणि ‘धोडि’, ‘वांगड’ आणि ‘वान्गड’ या प्रत्येक जोडीत आडनाव एकच आहे हे डेटाबेसला सांगण्यासाठी फंक्शन लागते. साउंडेक्ससारखी तयार फंक्शन्स इंग्रजी उच्चारांवर बेतलेली. देवनागरी नावांसाठी ती कामाची नाहीत, आणि यूटीएफ-८ मध्ये साठवलेल्या मजकुरावर ती नीट चालत नाहीत हे पोस्टग्रेस-एसक्यूएलची माहितीपुस्तिकाच सांगते. ऱ्हस्व-दीर्घ एक करणारे, अनुस्वार आणि परसवर्ण जुळवणारे, गुजराती लिपी देवनागरीत आणणारे फंक्शन लिहिता येते. पण दोन नावे किती जुळली म्हणजे मूल एकच मानायचे, ही रेषा सूत्रातून निघत नाही. ती सैल ठेवली तर एकाच पाड्यातली, एकाच आडनावाची दोन मुले एक होतात आणि एकाचा आहार बंद पडतो. कडक ठेवली तर भट्टीवरून परतलेले मूल नवे म्हणून नोंदले जाते आणि त्याच्या आधीच्या सहा महिन्यांच्या वजनांचा धागा तुटतो. ही रेषा प्रोग्रॅमरने ठरवावी, पर्यवेक्षिकेने की गावातल्या सेविकेने, याबद्दल डेटाबेसवरचे लेखन जवळजवळ गप्प आहे.